उणे चोवीस
पाचट जळाल्याचा वास आला की माझं डावं मनगट ठणकतं. गणितात पीएचडी करत होतो तेव्हा, पाटसच्या आमच्या रानात ऊस तुटून गेला होता, पाचट पेटलं होतं आणि माझी वही वडिलांच्या, आप्पांच्या हातात होती. तिच्यात मॉड्युलर फॉर्मचे, म्हणजे मी अभ्यासत होतो त्या एका अनंत श्रेणीचे, सहगुणक होते, पानंच्या पानं: एक, उणे चोवीस, दोनशे बावन्न. "पीएचडी म्हंतोस आन् मटका लावतोस व्हय रं?" म्हणत त्यांनी फावड्याचा दांडा घातला. मनगट कडकन मोडलं. मी किंचाळलो, "आप्पा, मटक्यात उणे आकडा असतो का?" दांडा थांबला. त्यांनी पान निरखलं. "न्हाई, नसतो," म्हणाले, आणि तरीही वही जाळात फेकली. पहिले थोडे सहगुणक मला पाठ होते, आणि अशा फॉर्मचे तेवढे कळले की बाकीचे ठरलेलेच असतात. त्यांच्यावरून तो फॉर्म दोन ठरावीक मूळ फॉर्मची बहुपदी म्हणून मांडून बाकीचे सगळे मी परत काढले. आप्पांना मात्र त्यानंतर मी कधी आप्पा म्हणालो नाही.