फडक्यातली भाकरी

मळवली स्टेशनबाहेर रिक्षा लावणाऱ्या भाऊंनी कुणाच्या दारात हॉर्न वाजवलेला मी कधी ऐकला नाही. ते उतरायचे, पायरी चढून आत यायचे, खुर्चीवर टेकायचे आणि मग म्हणायचे, "चला, लोकलची येळ झाली." गाडी चुकेल म्हणून मी चिडायचो.

त्यांचे आजोबा आमच्या भाजे गावाची वेठ करायचे आणि संध्याकाळी दाराबाहेरूनच हाक देऊन शिळी भाकरी मागायचे. आमच्या दारातही. भाऊ हे कधी बोलले नाहीत, मला ते घरातूनच कळलं. त्यांच्या वस्तीनं ती वेठ सोडली, तो दिवस तिथं अजून साजरा होतो. विहारापुढं पताका, ढोलकी, गाणी, आणि चुलीवर थापलेल्या भाकऱ्या. त्यातली एक फडक्यात गुंडाळून, वर ठेचा घालून, भाऊ दरवर्षी आमच्या घरी आणायचे. त्या वासाची मी वर्षभर वाट बघायचो.

आता मी लोणावळ्यात तिसऱ्या मजल्यावर राहतो. यंदा त्या दिवशी खाली रिक्षा थांबली. भाऊंचे गुडघे गेलेत आणि लिफ्ट नाही, म्हणून मी गॅलरीतून ओरडलो, "भाऊ, थांबा तिथंच! मीच खाली येऊन घेतो."

त्यांनी मान वर केली. "न्हाई," एवढंच म्हणाले.

तीन जिने चढायला त्यांना बराच वेळ लागला. मी दार उघडून उभा होतो. ते आत आले, खुर्चीवर बसले, दम खाल्ला आणि मग फडकं सोडलं.

"आमचा आजा लय थांबला बाहेर," ते म्हणाले. "घ्या, गरम हाय तवर खा."