पानीचं पाणी

विद्यापीठाच्या संग्रहात संगीताच्या एका प्राध्यापकांची कागदपत्रं आहेत. त्यातली शेवटची वही माझ्या अक्षरात आहे. तिच्या नोंदीत 'चाली उपलब्ध नाहीत' असं लिहिलं गेलं. ते खरं नव्हतं, आणि खरं नाही हे मला ठाऊक होतं. मी ते तसंच राहू दिलं.

वसईच्या एका शाळेत मी आयुष्यभर मराठी शिकवलं आणि निवृत्तीनंतर उमेळ्याला राहू लागलो. प्राध्यापक जवळच्या होळी गावचे. ख्रिस्ती घर, मागे भाजीची वाडी, पुढच्या खोलीत पियानो आणि शेजारी तंबोरा. मुंबईला विद्यापीठात शिकवून आले की संध्याकाळी चर्चच्या गायकवृंदासाठी गाणी बांधायचे. लेख लिहिले की माझ्याकडे पाठवायचे. "मास्तर, सूर माझा, शुद्धलेखन तुमचं," असं म्हणायचे. मी लाल पेन घेऊन बसायचो. त्यांची आई भातशेतीच्या गावातली. तिच्या बोलीत ण नव्हताच, आणि प्राध्यापकांच्या लिहिण्यातही तो अधूनमधून गळायचा. मी तो परत बसवायचो. ते हसून मान्य करायचे.

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस ते अचानक गेले. विद्यापीठाने कागदपत्रं मागितली. वाळवी लागलेला कागद मात्र आत घेणार नाही, असं कळवलं. बाकीचे गठ्ठे ठीक होते, पण पलंगाखालच्या ट्रंकेतली एक वही खालून खाल्ली गेली होती. ती वही त्यांनी मला कधी दाखवली नव्हती. त्यांच्या पत्नीने मला बोलावलं. मी त्यांना वहिनी म्हणायचो.

"तुम्हीच उतरून द्या मास्तर. तुमचं अक्षर छापल्यासारखं."

रोज दुपारी मी त्यांच्या ओटीवर बसून वही उतरू लागलो. त्यांच्या इतर वह्यांत शब्दांच्या वर स्वरांची ओळ असायची, तालाच्या खुणा असायच्या. या वहीत नुसते शब्द होते. लहान लहान गाणी, आईच्या बोलीत लिहिलेली. आणि शुद्धलेखन इतकं वाईट की मला आश्चर्य वाटलं. एकाच ओळीत एकदा पानी, एकदा पानि. 'आणि'च्या जागी 'नी'. 'गं'वरचा अनुस्वार कुठेच नाही. शेवटचा इकार दीर्घ, हे मी चौथीच्या मुलांना शिकवत आलो होतो.

वहिनी समोर बसून वाल सोलायच्या. एकदा त्यांनी मान वाकडी करून पाहिलं.

"हे काय केलंत? यांनी पानी लिहिलंय."

"बोलण्यात पानी चालतं वहिनी. लिहिताना पाणी."

"आमच्या सासूबाय पानीच म्हनायच्या. कोनी तहानलेलं नाय रायलं."

मी हसलो. त्याही हसल्या. मग त्यांनी एका गाण्यावर बोट ठेवलं.

"हे माझ्यावर आहे. वाडीतनं आले की आधी पानी मागायचे. म्हनाले, तुझ्यावर गानं केलंय, नाताळात ऐकवतो. नाताळ आलाच नाय. याची चाल कुठं दिसली तर मला सांगा मास्तर. बाकीचं विद्यापीठाला द्या, एवढी चाल मला पायजे."

त्या गाण्याची सुरुवात मला पाठ आहे, कारण नंतर ती फार वेळा आठवावी लागली. मूळ ओळ अशी होती: 'धनी मागे पानी, पानी गार ग, पानी गार नी मन गार, सारे गार ग.' मी लिहिली ती अशी: 'धनी मागे पाणी, पाणी गार गं, पाणी गार आणि मन गार, सारे गार गं.' मूळ ओळ सांगताना मी सगळे इकार दीर्घ केले आहेत. त्यातले कुठले ऱ्हस्व होते, ते मला आठवत नाही.

चाल कुठेच दिसली नाही. प्रत पूर्ण झाली तेव्हा वहिनींनी विचारलं, जुनीचं काय करू? मी म्हणालो, वाळवी घरभर पसरेल, जाळून टाका. त्यांनी ती आंघोळीच्या पाण्याच्या चुलीत घातली. विद्यापीठात छोटा समारंभ झाला, मला शाल मिळाली.

पाचेक वर्षं गेली. प्राध्यापकांची एक विद्यार्थिनी आता त्याच विभागात शिकवत होती, आणि कागदपत्रांची सूची करण्याचं काम तिच्याकडे आलं होतं. तिने मला बोलावून घेतलं. लांब टेबल, त्यावर खोकी, आणि समोर माझी प्रत.

"सर, तुम्हाला एक गंमत दाखवते." तिने पिशवीतून एक कागद काढला. प्राध्यापकांनी तिला शेवटच्या वर्षी टपालाने पाठवलेला. त्यावर एकच ओळ होती: 'सारे गा ग, मनी गा, पानि गा ग.' खाली लिहिलं होतं: वाचू नकोस, गा.

"मला दोन दिवस कळलंच नाही," ती म्हणाली. "मग मोठ्याने वाचलं आणि हसत सुटले. बघा ना." तिने अक्षरांवर एकेक बोट ठेवत ओळ गायली. सा रे ग ग, म नी ग, प नी ग ग. "शब्द हेच स्वर. ऱ्हस्व असेल तर एक मात्रा, दीर्घ असेल तर दोन. वेगळी स्वरलिपी लागतच नाही. आईच्या बोलीत पाण्याचं पानी होतं, म्हणजे पंचम आणि निषाद. सरांना केवढा आनंद झाला असेल हे सापडल्यावर."

मी त्या कागदाकडे पाहत राहिलो. पानि. ऱ्हस्व. चौथीतल्या मुलाच्या वहीत मी त्याखाली लाल रेघ ओढली असती. ओटीवरच्या त्या सगळ्या दुपारी माझ्यासमोर ओळीने उभ्या राहिल्या. ती बोलतच होती. पूर्ण वही स्वरांची होती. गाण्यांवर चाल लिहिलेली नव्हती, कारण गाणी हीच चाल होती. आणि मी तिच्यातून रोज थोडे थोडे स्वर पुसले होते.

"...म्हणून मी तुमची प्रत गाऊन पाहिली," असं ती म्हणत होती. "धनी मागे, इथवर जमतं. मग पाणी. ण कुठला स्वर? पुढे 'आणि', तिथे तर सगळंच अडतं. मूळ वहीत ण होता का सर?"

तिचा प्रश्न साधा होता, सुरात संशयही नव्हता. उत्तर द्यायला मला एक क्षणही लागला नाही, याचा धक्का मला अजून ओसरलेला नाही.

"होता," मी म्हणालो. "मी काना-मात्रासुद्धा बदलली नाही."

"मग हा माझा कागद?"

"तुम्हाला गंमत म्हणून पाठवला असेल."

तिने माझ्याकडे पाहिलं, मग कागद जपून पिशवीत ठेवला. "असेल. शेवटी शेवटी थकले होते," ती म्हणाली, आणि सूचीत लिहिलं: चाली उपलब्ध नाहीत.

वहिनींना सांगायला मीच गेलो. दुसऱ्या कुणी जाऊन भलतंच काही बोलू नये, ही भीती होती. त्या वाडीत मेथीच्या जुड्या बांधत होत्या.

"विद्यापीठातही शोधलं वहिनी. त्या वहीतल्या गाण्यांना चाली नाहीत."

त्यांनी जुडी खाली ठेवली. "कशालाच नाय?"

"कशालाच नाही."

"पन ते गुनगुनायचे मास्तर. पानी पिऊन झालं की तांब्या हातात घेऊन. मला तर वाटायचं तेच माझं गानं." जुडी परत उचलून त्या म्हणाल्या, "दुसरंच कायतरी असेल. माझ्यावर नुसतं लिहून ठेवलं म्हनायचं."

त्या वेळी तोंड उघडणं शक्य होतं. मी मेथीच्या दोन जुड्या घेऊन घरी आलो. त्या त्यांनी आग्रहाने दिल्या होत्या.

त्यानंतर त्यांनी मला चालीबद्दल कधी विचारलं नाही. नाताळात फराळाचे गोड कुळकुळे पाठवत राहिल्या. चार वर्षांनी त्या गेल्या. मातीच्या वेळी चर्चमध्ये गायकवृंदाने प्राध्यापकांचीच दोन गाणी म्हटली. लोक म्हणाले, किती छान, नवऱ्याच्या गाण्यात निरोप मिळाला. मी मागच्या बाकावर होतो. यातलं वहिनींवरचं एकही नाही, हे तिथे फक्त मला माहीत होतं.

महिन्याभराने मी विद्यापीठात गेलो आणि सूची करणाऱ्या त्या बाईंना, प्राध्यापकांच्या विद्यार्थिनीला, सगळं सांगितलं. त्या ओरडल्या नाहीत. उठून प्रत घेऊन आल्या आणि माझ्यासमोर पेन्सिलने बारीक खुणा करू लागल्या. प्रत्येक ण चा न. प्रत्येक 'आणि'चा नी. मग त्यांनी वहिनींची ओळ गायली. ध नी म ग प नी. चाल होती. इतकी वर्षं ती त्या खोक्यात होती.

मग त्या थांबल्या. "इथे पानी दीर्घ की ऱ्हस्व?"

"मी सगळे दीर्घ केले."

"पण मूळ वहीत?"

"आठवत नाही."

त्यांनी एकदा निषाद लांबवून गायली. एकदा आखडता घेऊन. एकदा पहिला लांब, दुसरा आखूड. तीन वेगळी गाणी झाली. पहिलं पाळण्यासारखं होतं, दुसरं चेष्टेचं. "यातलं सरांचं कुठलं?" त्यांनी विचारलं. ते सांगू शकेल अशी एकच व्यक्ती होती, जिने ते तांब्याशेजारी उभं राहून ऐकलं होतं. महिन्यापूर्वीपर्यंत ती होळी गावातल्या वाडीत होती.

"सरांच्या पत्नींना विचारता आलं असतं," त्या म्हणाल्या. मी मान हलवली.

त्यांनी एक कोरा कागद पुढे केला, खोक्यात ठेवण्यासाठी टिपण म्हणून. मी लिहिलं: या प्रतीतील ण आणि ऱ्हस्व-दीर्घ हे प्रतकाराच्या चुकीमुळे आले आहेत. त्यांनी वाचून कागद परत दिला.

"चुकीमुळे नको सर. चूक नकळत होते. तुम्ही दुरुस्ती केलीत. तसंच लिहा."

मी तो शब्द खोडला आणि वर 'दुरुस्तीमुळे' लिहिलं. मग त्यांनी सांगितलं नव्हतं ते एक वाक्य स्वतःहून खाली घातलं: मूळ वहीत ण होता का, असं विचारल्यावर प्रतकाराने होता असं खोटं सांगितलं, आणि प्राध्यापकांच्या पत्नी त्यानंतर चार वर्षं हयात होत्या.