मोड आलेला धान आणि एकतिसावा अध्याय

आम्ही नवरा-बायकोनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे बियाण्याची गोणी बांधणं.

धान आदल्या दिवसापासून ड्रममध्ये भिजत होता. ती वाकून दोन्ही हातांनी धान काढत होती आणि मी गोणीचं तोंड फाकवून उभा होतो. पाणी निथळलं तशी तिनं आत पळसाची पानं सारली आणि सुतळी काढली. मी हात पुढं केला.

"तुमी नका बांधू," ती म्हणाली. "तुमची गाठ मग विळ्यानं कापा लागते."

हे खरं आहे. माझी गाठ मलाच सुटत नाही. तिची गाठ एक टोक ओढलं की सुटायची, पण गाडीवर दहा गावं फिरवा, आपोआप कधी सुटली नाही. तिनं गोणी चुलीच्या मागच्या कोपऱ्यात ठेवली, वर तणीस, म्हणजे धानाचा पेंढा, टाकली आणि मला तिच्यावर पाटा ठेवायला लावला.

"उद्या दोनदा पाणी मारजा. परवा सकाळी पऱ्हे टाकू."

पऱ्हे म्हणजे रोपं. आधी एका लहान बांधीत, म्हणजे खाचरात, चिखल करून मोड आलेला धान टाकायचा, रोपं हातभर झाली की उपटून मोठ्या बांध्यांत रोवायची. चामोर्शीच्या बाजूला सारे असंच करतात. पण आमचा धान सगळ्यांसारखा नव्हता. तो तिच्या माहेरचा होता. लग्नानंतर पहिल्यांदा माहेराहून परत येताना पदरात बांधून आणला होता तिनं. टरफल लालसर, दाणा बारीक, शिजला की वास शेजारच्या घरी जायचा. तिच्या भावानं पुढं दुकानाची पाकिटं धरली आणि माहेरात तो धान संपला. मग राहिला तो फक्त आमच्या घरी. दरवर्षी ती चांगल्या लोंब्या निवडून वेगळ्या ठेवायची. यंदाचं सारं बियाणं त्या एका गोणीत होतं. मागं एक मूठही ठेवली नव्हती.

मग आम्ही जेवलो. वांगे आणि झिंगे होते. जेवण झाल्यावर तिनं चष्मा लावला. त्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. आणि शास्त्र, म्हणजे बायबल, उघडलं.

आमच्या गावात ख्रिस्ती घरं मोजकी. रोज संध्याकाळी शास्त्रातल्या शहाणपणाच्या सूत्रांचा एक अध्याय वाचायचा, ही आमच्या घरची रीत. त्याचे अध्याय एकतीस. ज्या तारखेला जो अंक, तो अध्याय. महिना संपला की पुन्हा पहिल्यापासून. मी चौथीपर्यंत शिकलो. अक्षरं लागतात, पण चढावरच्या बैलगाडीसारखी. म्हणून वाचायची ती आणि ऐकायचो मी.

तिचं वाचणं तोंडानं संपत नसे. दुसऱ्या दिवशी ते कुठं तरी लावून पाहिल्याशिवाय तिला चैन पडत नसे. मी दुपारी बाजेवर आडवा झालो की म्हणायची, "मुंगी आली नाई का अजून शिकवाले?" कारण आळशी माणसानं मुंगीकडून शिकावं असं त्यात एका ठिकाणी आहे. ती मुंगी तिनं माझ्यामागं जन्मभर लावली.

एकदा शेजाऱ्याच्या बकरीनं आमची वांगी खाल्ली. शेजारी माझा जुना दोस्त, बौद्ध घरचा, बोलणं कमी आणि विडी जास्त. मी काठी घेऊन निघालो होतो. तिनं काठी घेतली, कारण आदल्या दिवशीचा अध्याय मऊ बोलण्याचा होता, आणि स्वतः गेली.

"भाऊ, तुमची बकरी लय हुशार आहे," ती त्याला म्हणाली. "कवळे कवळे वांगे खाल्ले, जून तसेच ठेवले. मले एवढं निवडता येत नाई."

तो हसला. दुसऱ्या दिवशी त्यानंच आमच्या वाडीला काट्यांचं कुंपण करून दिलं. मी काठी घेऊन गेलो असतो तर आजपर्यंत बोलचाल बंद असती.

तीस दिवसांच्या महिन्यात मात्र तिची तक्रार असायची. एकतिसावा अध्याय तेव्हा राहून जातो. तो चांगल्या बाईबद्दलचा आहे. ती बाई अंधारात उठते, सूत कातते, शेत पाहून घेते, मळा लावते, गरिबाला देते, तिचा दिवा विझत नाही. ती म्हणायची, "पहा, साऱ्या महिन्यात बाईची तारीफ एका दिवशी येते, तेपण तुमच्या महिन्यानं खाल्ली." आणि तो अध्याय वाचला त्या दिवशीही सोडायची नाही. "हे लिहिणारा घरी बसून खात असन. एवढं काम सांगते, पण बाई बसली कधी ते नाई सांगत."

त्या संध्याकाळी एकोणतीस तारीख होती. तिनं एकोणतिसावा वाचला, खूण ठेवली, आणि आम्ही झोपलो.

सकाळी ती हापशीवर गेली. कळशी भरली आणि तिथंच खाली बसली. लोकांनी हाक मारली म्हणून मी धावलो. ती म्हणाली, "काई नाई, दम लागला." आटो आणला. रस्त्यात तिचं डोकं माझ्या मांडीवर होतं. दवाखाना यायच्या आधीच ती गेली. यापेक्षा जास्त मला त्याबद्दल लिहिता येत नाही, आणि लिहायचंही नाही.

मुलगी माजरीला असते, जावई कोळशाच्या खाणीत आहे. ती दुपारपर्यंत पोचली. तिचा मामा, म्हणजे माझ्या बायकोचा मोठा भाऊ, तिच्याही आधी आला. सूर्य असतानाच माती दिली. सारा गाव होता. कोणत्या धर्माचं कोण हे त्या दिवशी कोणी पाहिलं नाही.

घरी आलो आणि लोक बसायला लागले. शास्त्रात एका माणसाची गोष्ट आहे. त्याचं सारं जातं, लेकरं, गुरं, तब्येत, आणि तो राखेत बसतो. त्याचे तीन दोस्त येतात. हिला ती गोष्ट फार आवडायची, पण दोस्तांवर राग. "पहिले सात दिवस किती चांगले बसले चुपचाप," ती म्हणायची. "मंग तोंड उघडलं आन सारी घाण केली."

माझ्या अंगणातही तसंच झालं. एक म्हणाला, देव परीक्षा घेऊन राह्यला. दुसरा म्हणाला, आधीच चंद्रपूरला दाखवलं असतं तर वाचली असती. तिसरा म्हणाला, तिचं सोनं झालं, चालता बोलता गेली. मला तिघांचाही राग आला. पण तिघंही माझ्यासाठी कामं टाकून आले होते, म्हणून तोंड बंद ठेवलं. ती असती तर तिनं तेच सांगितलं असतं.

शेजारी तेवढा काही बोलला नाही. भिंतीला टेकून माझ्या बाजूला बसला. विडी काढली, पाहिली, परत खिशात ठेवली. बऱ्याच वेळानं माझ्या कानाजवळ येऊन म्हणाला, "आल्या आल्या गोणीवर पाणी मारलं मी. गरम झाली होती."

तोपर्यंत मी गोणी विसरलोच होतो. उठून चुलीमागं गेलो. तणिसात हात घातला तर आत ऊब होती, लेकराच्या अंगासारखी. एका कोपऱ्यातून बोट घालून दोन दाणे काढले. टोकाला पांढरा मोड दिसत होता. उद्या सकाळी टाकायलाच पाहिजे होता. त्याच्यापुढं एक दिवस गेला की मोड लांबतात, एकमेकांत गुंततात, आतून आंबट वास सुटतो. मग तो धान गुरंही खात नाहीत.

आणि उद्या सकाळी टाकता येत नव्हता. आमच्याकडं रीत आहे. ज्या हातानं माती दिली तो हात तिसरा दिवस होईपर्यंत बांधीच्या चिखलात जात नाही. ही रीत बायबलातली नाही, गावाची आहे, पण आम्ही ख्रिस्तीही ती पाळतो. दुसऱ्या कोणाला सांगावं तर साऱ्या गावानंच माती दिली होती.

मी बाहेर येऊन सगळ्यांसमोर सांगितलं, "सकाळी मी पऱ्हे टाकतो."

तिचा भाऊ उठला. तो माझ्यापेक्षा मोठा, तिला अंगाखांद्यावर खेळवलेला माणूस. डोळे सुजले होते त्याचे.

"जवाईबापू, तिची माती वल्ली आहे अजून."

"माहीत आहे."

"लोक काय म्हणतीन? बायको गेली आन हा वावरात गेला."

"म्हणू द्या."

"एवढी काय घाई आहे? दुकानात पाकिटं भेटते. मी आणून देतो उद्या."

"भाऊ, हा तुमच्याच घरचा धान आहे," मी म्हणालो. "तुमच्या आईच्या कोठीतला. तुमच्याकडं संपला. माझ्याकडं आहे तो त्या गोणीत. उद्या राहिला तर पाकिटातून कुठून आणसान?"

तो खाली बसला, आणि थोड्या वेळानं उठून पाय न वाजवता बाहेर गेला. मला वाटलं, रागावून गेला. मुलगी माझ्याकडं पाहत होती. मी तिला म्हणालो, "तुझ्या मायनं गाठ बांधली, परवा सकाळी टाकू म्हणाली. दुसरं काही सांगून नाही गेली." ती म्हणाली, "मंग टाका, बाबा."

मला हिंमत कुठून आली ते सांगतो. शास्त्रात एक म्हातारा राजा आहे. त्यानं सगळं केलं, महाल, बागा, बायका, सोनं, आणि सगळं करून कंटाळला. हे सारं वारा पकडायचं काम आहे असं तो पुन्हा पुन्हा सांगतो. मी हिला म्हणायचो, हा राजा डोकं फिरवते, याला नको वाचू. ती म्हणायची, शेवटपर्यंत ऐका. शेवटाकडं तोच कंटाळलेला राजा ढग पाहत बसणाऱ्या शेतकऱ्यावर चिडतो. कोणतं बी उगवणार ते तुला माहीत नाही, मग हात का थांबवला, असा त्याचा सवाल. "एवढा हरलेला माणूस," ती म्हणायची, "पण पेरू नको असं काई म्हणत नाई." ते तिचं बोलणं त्या दिवशी माझ्या हातात आलं. दुःखाचा वेळ आहे, पेरणीचाही आहे, आणि दोन्ही एकाच सकाळी आले तर माणसानं काय करावं? रडत पेरावं. याच्यात पाप काय आहे ते मला अजून कळलं नाही.

सकाळी मुलीनं चहा केला. मी पाटा उचलला, तणीस काढली. गोणीला हात लावला आणि थांबलो. मग सुतळीचं एक टोक ओढलं. गाठ सुटली. सुतळी मी खिशात ठेवली.

बांधीवर गेलो तर शेजारी आधीच चिखल सारखा करून बसला होता. गुडघ्यापर्यंत चिखल. हातानं फळी फिरवत होता.

"तुमी कायले?" मी म्हणालो. "तुमीपण माती दिली."

"रीत एकानं मोडली का, दोघांनी मोडली का, एकच," तो म्हणाला. "आन मले बाईचे वांगे फेडायचे आहे."

पहिली मूठ नेहमी तिच्या हातची असायची. ती टाकायची, मग मी. पाटी कमरेला घेऊन मी बांधीच्या तोंडाशी उभा राहिलो आणि हात काही पाटीत जाईना. मुलगी म्हणाली, "बाबा, मामा आला."

तिचा भाऊ बांधावरून येत होता. चप्पल हातात, धोतर वर खोचलेलं. तो रागावून गेलेला नव्हता. रात्री शेजारच्या गावी पुतण्याकडं झोपायला गेला होता. माझ्याजवळ आला, पाटीत वाकून पाहिलं, एक दाणा उचलून नखानं सोलला आणि हुंगला. हुंगला आणि तसाच उभा राहिला.

"आईच्या कोठीत असाच वास यायचा," तो म्हणाला.

मी पाटी त्याच्यापुढं धरली. "पहिली मूठ तुमची. तुमच्या घरचा आहे."

त्यानं मूठ भरली, हात मागं घेतला आणि टाकली. इतक्या वर्षांत सवय गेली होती. धान फाकला नाही, एकाच जागी ढेकळासारखा पडला. शेजारी म्हणाला, "बाई असती तर आता बोलली असती." तिचा भाऊ म्हणाला, "बोलू द्या ना. म्हणूनच तसा टाकला." आणि रडला. मग त्यानं दुसरी मूठ भरली आणि ती नीट फाकली. मग मी टाकायला लागलो. पोरीनंही टाकला. पाटी रिकामी झाली तेव्हा भावानं तळाचे चार-सहा दाणे उपरण्याच्या टोकात बांधले. "माझ्या घरी कुंडीत लावतो," तो म्हणाला. मी म्हणालो, "एवढ्यानं काय होते? पीक येऊ द्या, पायली नेजा."

धान टाकला की पहिले काही दिवस पाखरं राखावी लागतात. उघडा मोड पाहून ती उतरतातच. बाकीच्यांना मी घरी पाठवलं. घरी लोक येणार होते, कोणी तरी पाहिजे होतं. पोरीला सांगून शास्त्र मागवून घेतलं. ती म्हणाली, "आज पहिली तारीख. पहिला अध्याय."

"पहिला संध्याकाळी तू वाच," मी म्हणालो. "तीस दिवसांचा महिना होता. तुझ्या मायचा अध्याय राहिला."

ती गेल्यावर मी बांधावर बसलो, मांडीवर शास्त्र, हाताशी जुना डबा आणि काडी. खुणेच्या पुढं पानं उलटली. बोट ठेवून एकतिसावा अध्याय वाचायला घेतला. एक ओळ लावायची, मग डबा वाजवायचा. पाखरं उडाली की पुढची ओळ. ती बाई उठली, सूत कातलं, शेत पाहिलं. मळा लावते तिथपर्यंत आलो तेव्हा ऊन चढलं होतं. ती बाई अजून बसली नव्हती. मी डबा वाजवला आणि पुढं वाचायला लागलो.