वस्तऱ्याचं टोक

माझ्या मालकांचा हात गालावरून फिरलेला कळत नाही, असं आमच्या गावात सगळे म्हणायचे. राळेगावकडचं लहानसं गाव. उजाडलं की ते धोकटी काखेत मारून निघायचे आणि घरोघरी दाढ्या, हजामती करून जेवणाच्या वेळेला परत यायचे. बोलणं कमी. वस्तरा मात्र कुणाला हात लावू देत नसत, मलाही नाही.

आमचा मुलुख मुंबई राज्यात गेला, त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात पाटलांच्या हनुवटीला वस्तरा लागला. पाटलांनी तुरटी फिरवून घेतली. आठवडाभरात दुसऱ्या एकाला लागला. हे घरी आले ते तोंड पाडूनच. जेवण बाजूला सारलं आणि दगड ओला करून वस्तरा घासत बसले. संध्याकाळपर्यंत घासत होते.

"धारच बसून नाई राह्यली," म्हणाले. "मुठीकडं कापते, टोकाकडं केस ओढते."

माझे वडीलही हेच काम करायचे. धार कुठे बसत नाही ते पाहायला ते पात्याला काजळ लावत. दगडावर वस्तरा फिरवला की जिथं दगड लागतो तिथलं काजळ पुसलं जातं, आणि जिथं लागत नाही तिथं राहतं. मी लेकीच्या डबीतलं काजळ आणून दिलं. त्यांनी पात्यावर लावलं, वस्तरा दगडावर फिरवला आणि उन्हात धरला. मुठीकडचं काजळ गेलं होतं. टोकाकडचं जसंच्या तसं.

"दगड खोलगट झाला असंन," ते म्हणाले.

मग आम्ही दोघांनी मिळून दगड सरळ केला. फरशीवर बारीक वाळू, वर पाणी, आणि त्यावर दगड पालथा घालून घासायचा. सपाट झाल्यावर परत काजळ लावलं. परत टोक काळंच.

तेव्हा मी दगडाकडं बघायचं सोडून त्यांच्या हाताकडं बघायला लागले. धार लावताना मूठ उजव्या हातात असते आणि डाव्या हाताची बोटं टोकावर हलकी टेकवायची असतात, नाहीतर टोक वर उचललं जातं. त्यांची बोटं टोकावर होती, पण नुसती ठेवल्यासारखी. आणि दगडावरचं पाणी लाल होत होतं.

"अवो, तुमचं बोट कापलं!"

"कुठी?"

त्यांनी हात वर केला आणि एकेक बोट उलटून पाहिलं. करंगळीतून रक्त वाहत होतं. ते तिच्याकडं बघतच राहिले. दुसऱ्याच कुणाची असावी तसे.

यवतमाळच्या डॉक्टरांनी त्यांना डोळे मिटायला लावले. "कापूस लागला की सांगा," म्हणाले आणि कापसाचा बोळा बोटांवरून फिरवला. हे डोळे मिटून वाट बघत बसले. कापूस फिरून गेला तरी वाट बघत होते. मी पदर तोंडात धरला.

महारोग निघाला. गोळ्या नेमानं घेतल्या तर रोग थांबेल, पण बोटांची गेलेली जाणीव परत येईलच असं नाही, डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. एस.टी.त हे खिडकीकडं तोंड करून बसले. डावा हात दुपट्ट्यात गुंडाळलेला. गाव जवळ आल्यावर एवढंच म्हणाले, "लोकाइच्या तोंडाले हात लावतो मी."

लोकांनी थांबवायची वाट त्यांनी पाहिली नाही. दुसऱ्या दिवशी स्वतःच पाटलांकडं गेले, उंबऱ्याबाहेर उभं राहून खरं ते सांगितलं आणि गावाचं काम चुलतभावाला सोपवून आले. कुणी वाईट बोललं नाही. पण चावडीवर ते बसले की शेजारचा माणूस थोड्या वेळानं काहीतरी काम काढून उठायचा. मग त्यांनी चावडीवर जाणंच सोडलं.

मी कापूस वेचायला जाऊ लागले. ते घरी. मी एका दुपारी लवकर आले, तर वस्तरा मांडीवर घेऊन बसले होते.

"तू बस दगडापाशी," म्हणाले. "मी सांगतो."

आजवर ज्याला हात लावू दिला नाही तो वस्तरा त्यांनी माझ्या हातात दिला. मी जोर लावला की म्हणायचे, "दाबू नोको. त्याचं वजन त्यालेच पेलू दे." टोक उचललं गेलं तर त्यांना बघावंही लागत नसे. "आवाज तुटून राह्यला. बोट टेकव." शेवटी एकदा काजळ मुठीपासून टोकापर्यंत सारखं पुसलं गेलं. ते हसले. दवाखान्यातून आल्यापासून पहिल्यांदा हसले असतील.

त्यांची दाढी तशीच वाढली होती. चुलत दीर रोज दारावरून जायचा, पण थांबत नव्हता. म्हणून मीच त्यांना ओट्यावर बसवलं. गल्लीतल्या बाया बघत उभ्या राहिल्या. बाईमाणसानं दाढी केलेली कुणी पाहिली नव्हती. वस्तरा गालापाशी नेऊन मी परत मागं घेतला.

"भेतेस कायले?" ते म्हणाले. "लागलं तर मीच हावो ना."

पुढं दर आठवड्याला मीच त्यांची दाढी करायचे. रोग थांबला, डॉक्टरांनी गोळ्याही बंद केल्या. बोटं मात्र वाकली ती वाकलीच, आणि गावाच्या मनातली भीतीही गेली नाही.

मुलगा मोठा होऊन यवतमाळला कापसाच्या जिनिंगात कामाला लागला, त्या वर्षी हे तापानं गेले. सकाळची वेळ होती. न्यायच्या आधी त्यांची दाढी करायला चुलत दिराला बोलावलं. तो आला, दारात उभा राहिला, डोळे पुसले, पण उंबरा ओलांडेना.

"वयनी, माह्यानं नाई होत," म्हणाला.

मी उठले. पाणी गरम केलं, मुलाला त्यांचं डोकं धरायला सांगितलं आणि मीच दाढी केली. त्या दिवशी वस्तरा एकदाही मागं घेतला नाही. झाल्यावर ओल्या फडक्यानं त्यांचं तोंड पुसलं, आणि मग मला रडू आलं.