डेस्कटॉपवरचं गाव

तेलगावात सुनिताबाईंचं झेरॉक्सचं दुकान आहे. ऊसतोडीला निघण्याआधी माणसं कागदपत्रं त्यांच्याकडं स्कॅन करून ठेवतात, कारण पाचटाच्या कोपीत, म्हणजे फडावरच्या झोपडीत, कागद टिकत नाही. मुकादमागणिक एक फोल्डर करून बाई ठसक्यात म्हणतात, "बिनघोर जावा."

जुन्या विंडोजवर सरकारी साइटी उघडेनात, म्हणून अंबाजोगाईचा रविराज नवी टाकायला आला.

"ताई, सी ड्राइव्ह पुसला जाईल. त्यात काय हाय का?"

"न्हाई. माझं सगळं डेस्कटॉपवर हाय."

"डेस्कटॉप सीमधीच असतो, ताई."

आठ वर्षांत आलेल्या माणसांची सगळी कागदपत्रं तिथं होती. आधी कॉपी काढावी म्हणून रविराजनं पेनड्राइव्ह लावला, तर कॉम्प्युटर जागीच थिजला.

"बंद करून चालू करावा लागंल."

"न्हाई चालू झाला तर?"

रविराजनं पॉवरच्या बटणावर बोट ठेवलं.

तेवढ्यात फोन वाजला. ऊसतोडीला गेलेली बायनाबाई कर्नाटकातल्या फडावरून बोलत होती. "ताई, कोपी जळाली. लेकरं वाचली, कागदं समदी गेली. तुमच्याकडं हायत ना?"

बाईंनी थिजलेल्या पडद्याकडं बघितलं.

"हायत," त्या म्हणाल्या, आणि रविराजचं बोट बटणावरून बाजूला सारलं.