टपाचे बेचाळीस खिळे

माझ्या वडिलांना उघड्या मोटारीतून फिरायची भारी हौस, आणि बायकोला त्याच मोटारीत बसवायची भारी लाज. एकाच माणसात या दोन्ही गोष्टी सुखाने नांदत होत्या. त्यांना त्यात काही विसंगत वाटत नसे. मला वाटे, आणि मी तसं तोंडावर बोलूनही दाखवत असे, म्हणून घरात माझी ख्याती फारशी चांगली नव्हती.

गोष्ट पन्नास सालानंतरची, अमरावतीची. कापसाच्या एका जिनिंग कारखान्यातला गोरा मॅनेजर मायदेशी जाताना आपली जुनी विलायती गाडी बाबांच्या गळ्यात मारून गेला. इंजिन ठणठणीत, दिवे डोळ्यांएवढे बोलके. फक्त वरचा कापडी टप उंदरांनी खाल्लेला. हवा तेव्हा उभा करायचा, हवा तेव्हा मागे पाडायचा असा तो टप. आता त्याच्या नुसत्या लोखंडी कमानी उरल्या होत्या. बाबांचं त्यावाचून काही अडत नव्हतं. डोक्याला रुमाल बांधून ते भातकुलीच्या शेतावर जात आणि येताना पापण्यांपर्यंत धुळीने माखून, पण राजासारखे परत येत.

अडलं होतं आईचं. आमच्या घराण्यातल्या सुना दमणीतून प्रवास करायच्या. दमणी म्हणजे वर छत आणि सगळीकडून पडदे असलेली हलकी बैलगाडी. लांब जायचं तर रेल्वेचा जनाना डबा. लेकींना हा नियम नव्हता, त्यामुळे मी खुशाल बाबांच्या शेजारी बसून शेतावर जायची आणि आई दारातून आमची धूळ बघायची. "टप झाला की तुलेबी नेतो," बाबा म्हणत. असं म्हणता म्हणता तीन वर्षं झाली. बोलायला काय जातं! वाचनालयाच्या सभेत स्त्रियांच्या प्रगतीवर ते तासभर बोलायचे, तेही लोकांना आवडायचं.

आईची थोरली बहीण अकोल्याच्या जुन्या शहरात राही. आई रेल्वेने तिच्याकडे गेली की मावशी सगळ्यांदेखत विचारी, "बाई, तुह्या दारात मोटर हाये म्हनतेत. खरी हाये का चितरातली?" आई हसण्यावारी नेई. पण घरी आल्यावर दोन दिवस तिची भाजी खारट व्हायची. आपल्या मोटारीतून बहिणीच्या दारात उतरायचं, एवढी एकच इच्छा तिने त्या तीन वर्षांत बोलून दाखवली. दागिना मागितला असता तर लवकर मिळाला असता.

शेवटी मावशीच्या घरी नातवाचं बारसं निघालं आणि आईने जाहीर केलं, "मी रेल्वेनं जात नाई. मोटरनं नेत असान तर येतो, नाई तं बाळंतविडा पोस्टानं पाठवा." तेव्हा कुठे बाबा हलले.

अमरावतीत मोटारीचा टप शिवणारा कुणी नव्हता. तंबू, कनाती आणि दमणीची छतं शिवणारे एक म्हातारे चाचा होते. त्यांनी गाडीला तीन प्रदक्षिणा घातल्या, कमानी वाजवून पाहिल्या आणि म्हणाले, "हे तं दमनीच हाय. बैल तेवढे पोटात हाये." मग आठ दिवस आमच्या अंगणात त्यांचा संसार मांडला. जाड कॅनव्हास, हातभर दाभण, मेण चोळलेला दोरा. शिवण झाल्यावर पाणी आत येऊ नये म्हणून त्यांनी कापडाला जवसाचं तेल आणि मेण एकत्र कढवून पाजलं. काम पक्कं झालं यात शंका नाही. फक्त जवसाच्या ढेपेवर, म्हणजे पेंडीवर, वाढलेल्या गुराढोरांच्या गावात हा वास घेऊन फिरणं सोपं नव्हतं. पहिल्याच दिवशी शेजाऱ्यांचा बैल दावं तोडून आला आणि टप चाटत उभा राहिला. बाबांनी त्याला काठी दाखवली, तर त्याने शिंग दाखवलं.

नवव्या दिवशी बाबांनी आळीतल्या चार प्रतिष्ठितांना टप बघायला बोलावलं. "आता पाहा, एका हातानं पाडतो," असं म्हणून त्यांनी पुढची कमान मागे ओढली. टप हलला नाही. दोन्ही हातांनी ओढली. गाडी हलली, टप नाही. वाकून पाहतात तो काय, चाचांनी कॅनव्हास ढोलासारखा ताणून, पुढे काचेच्या चौकटीला आणि मागे लाकडी कडेला, पितळी डोक्याच्या खिळ्यांनी ठोकून टाकलेला. दमणीला ठोकतात तसा. बाजूचे पडदेही बाहेरून नाड्यांनी बांधायचे, दमणीसारखेच.

"अवो चाचा, हा पाडाचा असते!"

चाचांना खरोखरच कळेना. "पाडाचा हाय? मंग लावला कायले?"

प्रतिष्ठितांपैकी एकाला ठसका लागला. चाचांना बिचाऱ्यांना टप म्हणजे डोक्यावरचं छत एवढंच ठाऊक, आणि छत शिवणाऱ्याने ते पडू नये म्हणूनच जन्म घालवलेला. बाबांचा चेहरा पडला. खिळे काढा, सगळं उसवा, म्हणू लागले. तेवढ्यात आईने दाराआडून मला हाक मारली आणि तिचा निरोप घेऊन मी बाहेर आले, "आई म्हणते, हाय तसाच राहू द्या."

आत गेल्यावर मी तिला विचारलं, "काहून वं? उन्हात शिजशील त्यात."

"तुले समजत नाई," ती हळूच म्हणाली. "पडनारा टप तुह्या बापाचा. आज हवा चांगली हाये, मोकळं जाऊ, तू मांगून रेल्वेनं ये, असं म्हनतीन ते. हा खिळ्याचा टप माहा हाये."

मी कॉलेजात तर्कशास्त्र शिकत होते, पण असा मुद्दा कुठल्या पुस्तकात नव्हता.

बारशाच्या दिवशी आम्ही पहाटे निघालो. पुढे बाबा आणि मी, मागे आई, बाळंतविडा आणि लाडवांचा डबा. बाहेरून पडद्यांच्या नाड्या मीच बांधल्या. बडनेरा मागे पडलं तशी ऊन आणि जवसाच्या वासाची दाट खिचडी आत शिजू लागली. मूर्तिजापूरला चहासाठी थांबलो तर दोन बकऱ्या मडगार्डवर चढल्या. बाबा गात होते. ते फार बेसूर गायचे, पण मनापासून. मागून काही आवाज नव्हता. मला वाटलं, आई झोपली.

अकोला दोन-तीन मैलांवर आलं तेव्हा मागून तिचा आवाज आला, "थांबवा."

बाबांनी एका कडुलिंबाखाली गाडी उभी केली. मी नाड्या सोडल्या. आई घामाने निथळत होती, पण डोळ्यांतलं पाणी घामाचं नव्हतं.

"हा टप काढा," ती म्हणाली.

"अवं, आता? गाव आलं."

"गाव आलं म्हूनच. एकोनीस वर्सं झाले लगनाले. कितीकदा आली-गेली या वाटेनं. कधी दमनीत, कधी डब्यात पडद्यामांगं. रस्त्यावर झाडं कोनते हाये, मले मालूम नाई. आज म्हनलं मोटरीतून पाहीन. तं हेबी दमनीच."

"लोकं पाह्यतीन ना पन."

"लोकायनं पाहावं म्हूनच तं आनली तुमी मोटर. त्यायले पाहू द्या, मलेबी पाहू द्या."

बाबांनी रस्त्यावर दोन्हीकडून कुणी येतंय का ते पाहिलं. मला त्यांचा रागही आला आणि कीवही. मग त्यांनी पाठ फिरवली, हत्यारांच्या पेटीतून पक्कड काढली आणि पहिला खिळा उपटला. चाचांचे खिळे सहजासहजी निघणारे नव्हते. बाबांच्या तळहाताला फोड आले, धोतराला तेल लागलं. मी खिळे लाडवांच्या डब्याच्या झाकणात जमवत होते. बेचाळीस निघाले. शेवटचा निघाला तसा टप धाडकन मागे पडला आणि आई एकदम उन्हात आली. डोळे मिचकावून तिने वर लिंबाकडे पाहिलं.

"तू मांगं बस," बाबा मला म्हणाले. आईकडे न बघताच त्यांनी पुढचं दार उघडून धरलं.

मी मागे, टपाच्या तेलकट गठ्ठ्याला टेकून बसले. अकोल्यात शिरलो. दुकानांतली माणसं वळून पाहत होती. बाबांचे कान लाल झाले होते, पण त्यांनी गाडी पळवली नाही. मोर्णा नदीच्या पुलावरून तर अगदी सावकाश नेली. पुलावर वाऱ्याने आईच्या डोक्यावरचा पदर सुटला आणि फडफडत माझ्या तोंडावर आला. चाकात जाऊ नये म्हणून मी तो मुठीत घट्ट धरला. मावशीचं दार येईपर्यंत तिने तो मागितला नाही, आणि मीही दिला नाही.