लाल दोऱ्याचा स्पोक

मध्यान्हीचे भोजन आटोपून भूपाल चौगुले आपल्या सायकल दुकानाच्या मागील खोलीत चटईवर अंग टाकतो, तेव्हा झोपण्याचा त्याचा मुळीच विचार नसतो. आज सुट्टीचा वार आहे. शटर अर्धे खाली ओढलेले असून त्याखालून आलेला उन्हाचा पट्टा लोखंडी स्टँडवर चढवलेल्या एका चाकावर पडला आहे. हेच चाक सकाळपासून त्याचा जीव खात आहे, आणि त्याच्याकडेच पाहता पाहता त्याच्या पापण्या जड होत आहेत.

चाक अगदी नवे आहे. त्यातील एकच स्पोक सैल आहे आणि त्यास लाल दोरा बांधलेला आहे. या दोऱ्याचा अर्थ साऱ्या मिरजेत आता भूपालखेरीज कोणास ठाऊक नाही. त्याचे उस्ताद मौलाचाचा नवे चाक बांधावयास देताना त्यातील एका स्पोकाला असाच दोरा बांधीत. बाकीचे स्पोक भूपाल आवळी. दोऱ्याच्या स्पोकाला मात्र तो हात लावीत नसे. तो उस्तादांचा. मग चाचा स्वतः येत, तो स्पोक आवळीत, तेथून एकेक स्पोक बोटाने छेडून सारे चाक कानाने ऐकत आणि शेवटी दोरा सोडीत. त्यांनी मान हलवली म्हणजे चाक पुरे झाले. चाचा पैगंबरवासी झाले आणि भूपालने नवे चाक बांधणे सोडून दिले. पंक्चर, ब्रेक, फार तर एखाद्या वाकड्या चाकाचा आऊट काढणे, एवढ्यावर त्याने संसार रेटला.

परंतु त्याची कन्या पद्मजा सायकल शर्यतीत उतरते. गेल्या आठवड्यात तिने बापाला पुण्याचे सायकल प्रदर्शन दाखवून आणले. तेथे तयार चाकांच्या राशी मांडलेल्या असताना तिने केवळ एक हब, चाकाच्या मध्यभागी बसणारा तुंबा, विकत घेतला आणि त्याच्या ओंजळीत ठेवला. म्हणाली, “चाक तुम्ही बांधायचं, आप्पा.”

उद्या शर्यत आहे. आज सकाळी भूपालने चाक बांधले. पण शेवटच्या स्पोकापाशी येताच त्याच्या हाताने आपण होऊन लाल दोरा बांधला आणि तो हात तेथेच आखडला. पद्मजाने ते पाहिले. संध्याकाळी येते, जमत नसेल तर तसे सांगा, सांगलीहून तयार चाक आणीन, एवढेच ती बोलली. ती रागावली असती तर त्याला बरे वाटले असते.

उन्हाचा पट्टा रिमवरून सरकतो. रिम हळूहळू फिरू लागते. भूपाल तिच्यामागून चालत जातो, आणि तो प्रदर्शनाच्या दारात उभा आहे.

मंडप तोच आहे, परंतु त्यास भिंती नाहीत. वर पाहावे तो सायकलींच्या रांगांवर रांगा टांगलेल्या, आणि सर्वांत वरच्या सायकली इतक्या उंच आहेत की त्यांची चाके चांदण्यांसारखी लुकलुकत आहेत. दारापाशी मौलाचाचा उभे आहेत. तीच चौकटीची लुंगी, तेच बनियन, तीच टोपी, चष्म्याला तीच सुतळी. गळ्यात प्रदर्शनाचा पास लटकत आहे. त्यावरील फोटो मात्र त्यांच्या तरुणपणीचा आहे. मृत मनुष्य समोर उभा आहे याचे भूपालला नवल वाटत नाही. आपण अनवाणी आलो, एवढीच त्याला लाज वाटते.

“उशीर केलास,” चाचा म्हणतात. “मी कधीचा फिरतोय आत. चल, बघ तरी यांनी काय काय करून ठेवलंय.”

चाचा जुन्या लोखंडाचे माणूस. हा नवा थाट पाहून नाक मुरडतील, अशी भूपालची खात्री असते. तोच चाचा सायकलचा एक काळा सांगाडा केवळ करंगळीने उचलून धरतात आणि त्यांचे तोंड लहान मुलासारखे उघडे राहते. हे कशाचे आहे, असे ते विचारतात. कार्बन, असे भूपाल सांगतो. कार्बन म्हणजे काय? कोळशाचाच भाऊबंद, असे पद्मजाने सांगितले होते, तेच तो सांगतो.

“सुभानल्ला,” चाचा पुटपुटतात. “आणि आपण जन्मभर कोळसा भट्टीत घातला.”

पुढील स्टॉलवर एक मुलगी बटण दाबते. साखळी एका दातेरी चकतीवरून दुसरीवर अशी उतरते, की जणू पाखरू फांदी बदलते. तार नाही, केबल नाही. चाचा तिला पुन्हा दाबावयास सांगतात, पुन्हा सांगतात, आणि खाली बसून गिअरला कान लावतात. बटणाचा हुकूम तेथवर कसा पोचला, असे विचारल्यावर हवेतून, असे उत्तर मिळते. तेव्हा ते डोक्यावरील टोपी काढून हातात घेतात.

“खरं असणार,” ते म्हणतात. “उरुसाला गवई दर्ग्यात गातो आणि लांब बसलेल्या माणसाच्या डोळ्यांत पाणी येतं. मधे केबल कुठं असते?”

बोलता बोलता लाकडाच्या भुशाचा वास येऊ लागतो. मंडपात टांगलेल्या सायकली आता सायकली नाहीत. ते सतारीसाठी वाळत घातलेले भोपळे आहेत. ही सतारमेकर गल्ली आहे. हिच्याच टोकाला चाचांचे दुकान होते, आणि तंबोरे जुळताना ऐकून ऐकूनच ते स्पोक छेडावयास शिकले होते. कोणीतरी खुंटी पिळत आहे. गल्लीच्या मध्यभागी, प्रदर्शनातील दिव्यांच्या झोतात, पद्मजाचे चाक उभे आहे. त्याच्याभोवती मोठा जमाव आहे. लाल दोरा सर्वांना दिसत आहे.

भूपाल शरमेने खिशातील स्पोकची चावी काढतो आणि दोन्ही हातांनी पुढे धरतो. “तुमचा स्पोक राहिलाय, चाचा.”

चाचा आपले हात पाठीमागे नेतात. “माझा? माझा कुठला?”

“दोरा बांधलाय त्याला.”

“दिसतोय की. आता सगळं दिसतंय.” चाचा चष्मा काढून सुतळीवर सोडून देतात. “तेव्हा दिसत नव्हतं, भूपाल. डोळे गेले होते माझे. चाक फिरवलं की सारे स्पोक सारखे. कुठून ऐकायला लागलो तेच हरवायचं. लाल तेवढं उमगायचं, म्हणून दोरा.”

“मग तो स्पोक सैल का ठेवायचा?”

“ते तुला ठाऊक. मी कधी म्हटलं सैल ठेव? मला वाटायचं, पोरगं गुणी आहे, म्हाताऱ्याला मान म्हणून एक स्पोक सोडतंय.”

ज्या कुंपणाबाहेर भूपाल इतकी वर्षे उभा होता, ते कुंपण त्याने स्वतःच घातले होते. मला सांगितले का नाही, असे तो चाचांना विचारतो.

“उस्तादाला दिसत नाही हे शागिर्दाला कोण सांगतं? आणि तू तरी कुठं विचारलंस? दोघंही अदबीनं गप्प.”

चाक आपोआप फिरू लागते. स्पोकामागून स्पोक वाजतो, सारी गल्ली तंबोऱ्यासारखी भरून येते, आणि प्रत्येक फेरीत एका जागी आवाजाला भोक पडते. चाचा तेथे बोट टेकवून चाक थांबवतात. दोरा सोडतात. भूपालचा उजवा हात ओढून घेऊन ते तो दोरा त्याच्या मनगटाला गुंडाळू लागतात.

“या गल्लीत गवई शागिर्द करून घेताना पोराच्या मनगटाला गंडा बांधायचे, ते मी नेहमी बघायचो,” ते खालमानेने म्हणतात. “तुला बांधावा असं फार वाटायचं. सायकलवाल्याचा कसला आलाय गंडा, लोक हसतील, म्हणून राहिलं.”

चाचा डावखुरे. कॅरिअरला ट्यूब बांधताना मारीत, तीच दुहेरी, टोके आत वळवलेली त्यांची उलटी गाठ. ती भूपालला कधी साधली नाही.

“आता जा. पोरगी येईल,” चाचा म्हणतात आणि स्वतः लगबगीने मंडपाकडे वळतात. “मला तो बटणाचा गिअर अजून एकदा बघायचाय.”

पंखा फिरत आहे. उन्हाचा पट्टा चाकावरून उतरून भूपालच्या पायांपर्यंत आला आहे. चाक स्टँडवर जसेच्या तसे आहे. तो स्पोकही सैलच आहे. परंतु त्यास दोरा नाही.

दोरा त्याच्या उजव्या मनगटावर आहे. दुहेरी गाठ, टोके आत वळवलेली, डाव्या हाताची. भूपाल ती बराच वेळ पाहतो, सोडून मात्र पाहत नाही. मग तो उठतो, चावी लावतो आणि स्पोक आवळतो. बोटाने छेडतो, शेजारचा छेडतो, पुन्हा अंमळ आवळतो. चाक फिरवून एकेक स्पोक ऐकत जातो, आणि कोठून आरंभ केला हे विसरल्यामुळे दोन वेळा सारे चाक ऐकतो. कोठेही भोक पडत नाही.

शटरखालून वाकून पद्मजा आत येते. ती काही विचारण्यापूर्वीच तो चाक उतरवून तिच्या हाती देतो.